आमचे विरोधी पक्षनेते आणि माझा शनिवारचा वर्ग

...आणि वर मलाच विचारतात, "मनू, तू हल्ली गप्प का असतेस?" गप्प का असते! काय बोलू? कशाला बोलू? बोलून बघितलं की तीनदा! तुम्हाला सांगते, या माणसापुढे बोलायची सोय नाही! लोकांचे नवरे बायकोचं ऐकत नाहीत म्हणून बायका माहेरी फोन करकरून रडतात, मैत्रिणींचं डोकं खातात... माझं दुःख मी कुणाला सांगू? माझा नवरा ऐकतो हो! सगळं ऐकतो, अक्षरन् अक्षर ऐकतो, आणि ऐकलेलं लगेच करून टाकतो!

हसा, तुम्हाला हसायला काय जातंय. तुमचा वर्ग नाही ना गेला. थांबा, सुरुवातीपासून सांगते, म्हणजे मग ठरवा हसायचं की काय ते.

तर मी मनोरमा, आणि हे माझे, उल्हास. आम्ही दुबईत करामाला राहतो, किती वर्षं झाली ते विचारू नका, आम्ही आलो तेव्हा समोरची बिल्डिंग नव्हती, आता ती पाडून दुसरी बांधलीय. हे अबुधाबीला एसीच्या डक्टिंगच्या कंपनीत एस्टिमेटर आहेत, रोज पहाटे गाडी काढतात, रोज संध्याकाळी येतात, आणि आल्यावर विचारलं, "कसं झालं आज?" की म्हणतात, "झालं." बस्स! एवढाच माणूस! असा माणूस राजकारणात पडेल असं कुणाला तरी वाटलं असतं का? पण पडला! आमच्या मरूद्यान मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेला, आणि कसा गेला माहितीय? लिफ्टमध्ये! अध्यक्ष भेटले लिफ्टमध्ये, म्हणाले, "उल्हासराव, तुमचं नाव टाकू का कमिटीत?" चौथा मजला येईपर्यंत यांना 'नाही' म्हणणं जमलं नाही, म्हणून हे सदस्य झाले.

अध्यक्ष म्हणजे रामेश्वर दातीर. माणूस वाईट नाही, खोटं कशाला बोलू. हमरिया फ्री झोनमध्ये प्लास्टिकच्या टाक्यांचा कारखाना आहे, आवाज गोड, सेंट त्याहून गोड, आणि बोलणं कसं... "अरे हबीबी, टेन्शन क्यों लेते हो? आपल्या मंडळात सगळं ट्रान्सपरंट! मीटिंग नको, चहा नको, पेट्रोल नको... व्हॉट्सअॅपवर पोल टाकतो, होय किंवा नाही दाबा, यल्ला, चला, खलास!" झालं! पोल पडायचा, माणसं सिग्नलला उभी असताना दाबायची, कुणी बाथरूममधून दाबायचं, आणि संध्याकाळी मोठ्या ग्रुपवर निरोप यायचा, 'कार्यकारिणीने बहुमताने ठरविले आहे', पुढे ते जोडलेले हात. कुणी ठरविले, काय ठरविले, कुणाला पत्ता नाही. गणपतीच्या मागच्या पडद्यावर गणपतीपेक्षा स्पॉन्सरचं नाव मोठं आलं त्या वर्षी, तेही असंच ठरविले होते!

आता माझा वर्ग. शनिवारी सकाळी ऊद मेथाला एका हॉलमध्ये मी मुलांना मराठी शिकवते... शिकवायचे. बघा, अजून तोंडात 'शिकवते'च येतं. आमचा तनिष लहान होता तेव्हा सुरू केलेला, आता तनिष नोकरीला लागला, अबुधाबीला वेगळा राहतो, आणि मी मराठीत विचारलं, "जेवलास का रे?" तर म्हणतो, "येस आई, जस्ट हॅड." म्हणजे घरात हा असा उजेड! पण वर्गातली मुलं... अहो काय मुलं! एकदा धड्यात 'गोठा' आला. एक जण विचारतो, "मॅम, व्हॉट इज गोठा?" म्हटलं, "गाईचं घर." तर म्हणतो, "लाइक अ व्हिला?" आता याला काय सांगू? म्हटलं, "हो बाळा, व्हिलाच, पण शेण असतं." लगेच सगळी "ईऽऽव!" आणि मग तासभर शेण कशाला वापरतात यावर चर्चा, ती इंग्लिशमधून. मी मराठीत सांगायचं, त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा वर्ग.

पण त्यात मिहिका होती हो. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिची आजी ठकुबाई साताऱ्याकडच्या खेड्यात असते, तिला मराठीशिवाय काही येत नाही, आणि या पोरीला मराठी सोडून सगळं येतं. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल व्हायचा तो कसा? इकडून ही हात हलवायची, तिकडून आजी हात हलवायची, "हाय आजी!"... "बाय आजी!" संपलं! विमानतळावर काचेपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं. मग मी वर्गात एक खेळ सुरू केला, 'आज मी काय खाल्लं' ते प्रत्येकानं मराठीत सांगायचं. आणि एके दिवशी पोरीनं फोनवर आजीला धाडकन सांगितलं, "आजी, आज मी पिठलं खाल्लं. मला आवडलं नाही." तिची आई सांगत होती मला, ठकुबाई फोन छातीशी धरून रडायला लागल्या, शेजारणीला हाका मारायला लागल्या, "अगं ये गं! आवडलं नाही म्हणाली गं माझी बाई! आवडलं नाही म्हणाली!" आता सांगा, पिठलं आवडलं नाही म्हणून एवढा आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी त्या दिवशी तरंगत घरी आले.

तरंगत आले, पण घरात शिरल्यावर काय म्हणाले? बाई बाहेरून दमून आल्यावर काय म्हणते? "अहो, आज मला परमानंद झाला" असं म्हणते का कुणी? मी आपली पर्स टाकली सोफ्यावर, पंख्याखाली बसले आणि म्हटलं, "मेला तो वर्ग! घसा बसला माझा. झेपत नाही आता. बंद करा एकदाचा, सुटेन मी." म्हटलं! दर शनिवारी म्हणते! माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर येताना जन्मभर म्हणायची, "आता मी या चुलीत लाकूड घालणार नाही," म्हणून काय आम्ही उपाशी राहिलो? घाम पुसता पुसता तोंडातून येतं ते! पण हे समोर बसलेले, चहा पीत. मला वाटलं, ऐकत नाहीयेत. तुम्हाला सांगते, कुठला नवरा ऐकत असतो?

आणि मग एका गुरुवारी मोठ्या ग्रुपवर निरोप, 'कार्यकारिणीने बहुमताने ठरविले आहे की पुढच्या महिन्यापासून शनिवार सकाळचा मराठी वर्ग बंद करून त्या वेळेत लेझीम-झुंबा सुरू करण्यात यावा.' खाली जोडलेले हात, त्याखाली एक नाचणारी बाई. लेझीम-झुंबा! म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते अजून मला कळलेलं नाही. आणि माझ्या नावाचा साधा उल्लेख नाही हो! 'मनोरमाताईंचे आभार' नाही, फोन नाही, काही नाही. मी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले, आणि म्हटलं, "कोण आहेत ते मेले होय म्हणणारे? हात झडोत त्यांचे!" तेव्हा हे समोर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, चहा सांडला असेल.

मग म्हणतात, "तुला वाईट वाटलं?" म्हटलं, "वाईट? वाईट कशाला वाटेल? माझी मुलं गेली, माझा शनिवार गेला, त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?" हे उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मनू, मी सर्वसाधारण सभेत बोलणार. अध्यक्षांच्या विरोधात बोलणार." अहो! मी यांच्याकडे बघतच राहिले! लिफ्टमध्ये 'नाही' म्हणता न येणारा माणूस! मला भरून आलं. पुढचे पंधरा दिवस हे अबुधाबीच्या रस्त्यावर गाडीत भाषण पाठ करायचे, घरी आल्यावरही ओठ हलायचे. जेवताना मध्येच म्हणायचे, "हुकूमशाही!" आणि मी म्हणायचे, "भाजी वाढू?" आमच्या घरात विरोधी पक्षनेता तयार होत होता, आणि मी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होते.

सभेचा रविवार उजाडला. मी हिरवी साडी नेसले, मीना बाजारातून गजरा आणला, पंचवीस दिरहमचा, म्हणजे आपले सहाशे रुपये झाले की हो, एरवी मी घेतला नसता, पण म्हटलं आज आपल्या माणसाचा दिवस आहे. हॉल भरलेला, मागं वडे तळल्याचा वास, वर्गातल्या मुलांचे आईबाप आलेले, मी पहिल्या रांगेत. आणि यांचं नाव पुकारलं. हे उठले, माइक धरला, आणि तुम्हाला सांगते, असा आवाज निघाला की मला वाटलं मागून दुसराच कोणी बोलतोय! "अध्यक्ष महाराज! हे मंडळ आहे की तुमचा टाक्यांचा कारखाना? तुम्ही ठरवायचं आणि आम्ही टाकीसारखं भरत राहायचं? एका माणसाच्या मनात आलं म्हणून मुलांची भाषा काढून घ्यायची? कुणाला विचारलंत? त्या बाईला विचारलंत?" टाळ्या! मी पदर डोळ्याला लावला. "आणि अध्यक्षांपेक्षा मला लाज वाटते ती कार्यकारिणीतल्या मान डोलावणाऱ्यांची! न वाचता बटण दाबणाऱ्यांची! त्यांनी आज या मंचावर येऊन उत्तर द्यावं!" टाळ्या, शिट्ट्या! मागून एक जण ओरडला, "उल्हासराव अध्यक्ष झाले पाहिजेत!" आणि मी मागं वळून हसले, अगदी मंत्र्याच्या बायकोसारखी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, खरं सांगते.

दातीर चिडतील, तर नाही! शांतपणे उठले, तोच गोड आवाज, "वा! उल्हासराव, दिल खूश कर दिया. विरोधक असावा तर असा. आता आपलं सगळं ट्रान्सपरंट आहे, तर उत्तर कोणी द्यायचं ते बघूनच घेऊ. कावेरीताई, जरा ते पोल स्क्रीनवर घ्या." कावेरी म्हणजे आमची सेक्रेटरी, माझी मैत्रीण. तिनं माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं, आणि हळूच फोनला वायर लावली. मागच्या भिंतीवर एवढाऽऽ मोठा पोल! गणपतीचा पडदा, स्पॉन्सरचं नाव मोठं हवं का? होय म्हणणाऱ्यांत आमचे हे. कोजागिरीला दुधाऐवजी मिल्कशेक? होय, आमचे हे. दिवाळी अंक छापायचा बंद? होय! होय! होय! माणसानं आयुष्यात एकदा 'नाही' दाबलेलं नाही! सगळा हॉल फिस्सकन हसायला लागला, आणि मग आला माझा वर्ग.

मराठी वर्ग बंद करावा का? होय... आणि त्या 'होय'च्या पुढं यांचा फोटो. यांचा एकट्याचा नव्हे! व्हॉट्सअॅपला यांनी आमचा दोघांचा फोटो लावलाय, डेझर्ट सफारीचा, उंटावरचा! म्हणजे मी उंटावर बसलेय, गॉगल लावलाय, खी खी हसतेय, आणि माझ्याच वर्गाच्या विरुद्ध मत देतेय! भिंतभर! पहिल्या रांगेत खाली मी गजरा माळून, आणि वर भिंतीवर पण मीच! तुम्हाला सांगते, बोलायची सोय नाही!

"उल्हासराव," दातीर म्हणाले, "हे काय?" आता कोणताही शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, 'चुकून दाबलं गेलं, हबीबी.' सगळ्यांनी सोडून दिलं असतं, कारण सगळेच चुकून दाबतात. पण आमचे हे खोटं बोलत नाहीत ना! यांनी घसा खाकरला, आणि माइकमध्ये, लक्षात घ्या, माइकमध्ये म्हणाले, "हे मी वाचून दाबलं होतं. बाकीचे नव्हते वाचले, हे वाचलं होतं. मनोरमा दर शनिवारी घरी आल्यावर सांगायची..." आणि हुबेहूब माझा आवाज काढला हो! पंख्याखाली बसल्यासारखी मान टाकून, "'मेला तो वर्ग! झेपत नाही आता. बंद करा एकदाचा, सुटेन मी!' मी दोन वर्षं ऐकत होतो. मला वाटलं, हिला कुणीतरी सोडवलं पाहिजे. ती स्वतः कुणाला नाही म्हणणार नाही. म्हणून मी होय दाबलं. नंतर ती रडली, तेव्हा मला कळेना, म्हणून मग मी विरोधात गेलो."

हॉल कोसळला. कोसळला म्हणजे हसून! वडे तळणारे आचारी बाहेर येऊन बघायला लागले. ज्यांच्या मुलांना मी 'ळ' म्हणायला शिकवलं ते आईबाप रुमालात तोंड घालून हसतायत. आणि मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, हसू नका रे, हा माणूस खरं बोलतोय! आणि त्याच वेळी वाटत होतं, हा माइक घ्यावा आणि याच्याच डोक्यात घालावा. दोन्ही एकदम वाटत होतं. मिहिकाची आई मात्र हसली नाही, ती उठून म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नका. पुन्हा मत घ्या. इथंच घ्या." दातीर लगेच, "का नाही? लोकशाही आहे! कमिटी मेंबर, हात वर करा, वर्ग चालू ठेवायचा का?" तीन हात वर गेले. तीन हात मांडीवर राहिले. आणि राहिले आमचे हे. माइक हातात, सगळा हॉल यांच्याकडे बघतोय. आणि या माणसानं काय करावं? हात वर करावा ना सरळ? नाही! हे मंचावरून माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मनू, काय करू?"

अहो, काय करू म्हणजे? भिंतीवर अजून उंट होता! कानात अजून माझाच आवाज, माझीच नक्कल, लोकांचं हसू! अंगाची नुसती आग झालेली! मी उभी राहिले आणि ओरडले, "करा बंद! करा एकदाचा बंद! मला काही पडलेलं नाही! मेली ती मराठी आणि मेला तो वर्ग!" हे म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की! शंभरदा नक्की!" तुम्हीच सांगा, या 'नक्की'चा अर्थ जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कळला असता की नाही? त्या आचाऱ्याला कळला होता, तो मान हलवत होता! यांचा हात अर्धा वर गेलेला होता, तो थांबला, माझ्याकडे बघितलं... आणि हळूहळू खाली आला. दातीर म्हणाले, "यल्ला. खलास." आणि तो आचारी परत वडे तळायला गेला.

घरी येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. हे म्हणाले, "मी तुझ्या मताचा मान ठेवला." आता काय बोलू? चिडावं तर खोटं बोललेला नाही, लबाडी केलेली नाही. हात उगारावा तर समोर लहान मुलासारखा चेहरा. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि मी कधी काय म्हणते आणि मला काय हवं असतं यातला फरक या माणसाला माहीतच नाही, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं. रडू आलं मला. ते रडू वर्गाचं नव्हतं हो फक्त. तनिषला फोन केला, सगळं सांगितलं, तर म्हणतो, "आई, जस्ट चिल. यू ऑल्वेज सेड यू वॉन्टेड अ ब्रेक." हा पण! बापाचाच पोरगा!

पुढचा शनिवार आला. मी सवयीनं उठले, आंघोळ केली, साडी नेसले, किल्ली हातात घेतली, आणि मग तशीच सोफ्यावर बसून राहिले. हे म्हणाले, "आराम कर." केला आराम. भिंतीकडे बघत आराम केला. नंतर एकदा सुपरमार्केटात मिहिका भेटली, पळत आली, "मॅम! मॅम! आजी आस्क्ड मी व्हॉट आय एट, अँड आय फरगॉट द मराठी वर्ड फॉर खिचडी!" म्हटलं, "अगं बाई, खिचडीला खिचडीच म्हणतात गं!" तर म्हणते, "ओ... सो आय न्यू इट?" "हो गं, येत होतं तुला." म्हटलं, "मग आजीला काय सांगितलंस?" तर तिनं नुसता हात हलवून दाखवला. मी कोथिंबिरीच्या जुड्या उगाच वरखाली करत बसले, तिला डोळे दिसू नयेत म्हणून.

बरं, ते लेझीम-झुंबा चाललं का? दीड महिना! एका जोरात आलेल्या बाईच्या हातून लेझीम सुटलं, ते जाऊन बसलं हॉलच्या झुंबरात, झुंबर आलं खाली, देवाच्या दयेनं कुणाला लागलं नाही, पण हॉलवाल्यांनी सांगितलं, खलास, नाचायचं तर दुसरीकडे नाचा. म्हणजे शनिवार पुन्हा रिकामा! आणि कावेरीचा फोन आला, यांना आला, कारण तिला मला फोन करायची लाज वाटत होती. मी आत कांदा चिरत होते, कान बाहेर. हे दारात येऊन म्हणाले, "कावेरी विचारतेय, वर्ग पुन्हा घेशील का? दातीर पण हो म्हणतायत." अहो, मला तर तेच हवं होतं! पण तुम्हाला सांगते, आपल्यात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? जेवायला बसलेला पाहुणा पहिल्यांदा 'जिलबी घ्या' म्हटल्यावर घेतो का? नको म्हणतो, ताटावर हात आडवा धरतो, आणि बोटांच्या फटीतून बघत असतो! मग आपण म्हणायचं, 'घ्या हो, एवढीच,' मग तो म्हणणार, 'अहो, नको नको,' आणि मग तीन खाणार! आग्रह म्हणतात त्याला! माझा एवढा अपमान झाला होता, दोनदा तरी विचारावं की नाही माणसानं? म्हणून मी आतून आवाज दिला, "मी? मी नाही हो जात आता! पायघड्या घातल्या तरी नाही!" आणि कांदा चिरत थांबले, आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून.

बाहेर हे फोनवर सांगतायत, "नाही म्हणतेय. हो हो, स्पष्ट विचारलं. पायघड्या घातल्या तरी नाही."

पायघड्यासुद्धा सांगितल्या हो! शब्दशः! आणि पुढं ऐका. तिकडून कावेरी काहीतरी म्हणाली, आणि हे पुन्हा दारात, "मनू, कावेरी म्हणतेय, मग तुम्हीच घ्या वर्ग, कुणीतरी हवंय. मी घेऊ?" मी हातातली सुरी खाली ठेवली. म्हटलं, "घ्या! घ्या ना! तेवढंच राहिलंय!" आणि यांनी फोनवर सांगितलं, "हिची काही हरकत नाही." तुम्हाला सांगते... नाही, काही नाही सांगत. या माणसापुढे बोलायची सोय नाही.

तर आता दर शनिवारी हे जातात. डक्टिंगचा एस्टिमेटर! यांना 'पाणी' आणि 'पाणि' यातला फरक मीच सांगितला होता लग्नानंतर! पण मुलांना आवडतात म्हणे. मिहिका म्हणाली, "मॅम, सर इज सो फनी!" ठकुबाईंशी पुन्हा बोलायला लागली, त्याचा मला आनंद आहे, खरंच आहे, त्यात खोट नाही. पण तो आनंद मला तिच्या आईकडून कळतो, दुसऱ्याच्या घरातल्या बारशासारखा. आणि परवाच्या शनिवारी काय झालं, हे दुपारी घरी आले, बॅग टाकली सोफ्यावर, पंख्याखाली बसले, आणि घाम पुसत म्हणाले, "घसा बसला गं. झेपत नाही आता. बंद करावा हा वर्ग, सुटेन मी."

देवाशपथ, मी हसले नाही. मी चहा ठेवला, बेडरूममध्ये गेले, दार लावलं आणि सरळ अध्यक्षांनाच फोन लावला. म्हटलं, आता यांच्यासारखंच करायचं, ऐकलं तसं पोचवायचं. म्हटलं, "दातीर भाऊजी, यांनी आत्ताच सांगितलं, झेपत नाही, बंद करा. स्पष्ट सांगितलं. मी स्वतः ऐकलं." आणि थांबले, श्वास धरून. म्हटलं, आता म्हणतील, 'मग वहिनी, तुम्ही याल का?' आणि या वेळी ठरवलं होतं, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं! मान-अपमान गेला खड्ड्यात! ओठांवर आणून ठेवलं होतं ते 'हो'!

तर दातीर खो खो हसले. म्हणाले, "अहो वहिनी! कमाल करता तुम्ही! माणूस दमून आला की बोलतो तसं, ते काय मनावर घ्यायचं असतं? नवऱ्याला एवढं ओळखत नाही तुम्ही? पाठवा त्यांना शनिवारी वेळेवर, आणि डब्यात थालीपीठं जरा जास्त द्या, मुलांना आवडतात."

दिली हो. काय करता?